लाव्हाच्या गुहा आणि त्यातला बर्फ : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण लाव्हाच्या गुहेत बारमाही बर्फ असतो म्हटलं की प्रश्नांची रांग लागते. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

ज्वालामुखीच्या गुहेत बर्फ कसा? ती तापलेली नसते का?

नसते. वाहताना लाव्हा हजार अंशांच्या वर असतो, पण वाहणं थांबलं की तोही इतर दगडांसारखा निवतो. तापल्या दुधावर साय धरावी तसा लाव्हाच्या ओघाचा वरचा थर आधी थिजतो. आतला रस मात्र वाहत राहतो, कारण वरचं कवच त्याची उष्णता राखतं. उगमाकडून पुरवठा तुटला की उरलेला रस उताराने निघून जातो आणि मागे बोगद्यासारखी पोकळी राहते. हीच लाव्हानळी. ती जमिनीखाली थोड्याच मीटरांवर असते आणि ज्वालामुखीच्या पोटातल्या उष्णतेशी तिचा बहुधा काही संबंध उरत नाही.

इटलीतल्या एटना ज्वालामुखीवर सुमारे २,००० मीटर उंचीवर ‘ग्रोत्ता देल जेलो’ नावाची गुहा आहे. नावाचा अर्थच गोठणीची गुहा. ती १६१४ ते १६२४ या काळात वाहिलेल्या लाव्हात तयार झाली. म्हणजे तिथला बर्फ फार तर चारशे वर्षांचा. एवढ्या थोड्या काळात धगधगता रस निवून त्याच्या पोटात बर्फाची लादी बसली.

तिथे बर्फ उन्हाळ्यात वाढतो आणि हिवाळ्यात वितळतो, असं ऐकलंय. खरं का?

युरोपातल्या डोंगरी गावांत हा समज शेकडो वर्षं होता आणि अभ्यासकांनीही त्यावर भरपूर वाद घातला. खरं उत्तर असं : गारवा सगळा हिवाळ्याचा, पण पाणी बहुतेक वसंतातलं.

गुहेचं तोंड वर आणि पोट खाली, अशी पोत्यासारखी रचना डोळ्यांपुढे आणा. बाहेर उणे ५ अंश असताना घनमीटरभर हवेचं वजन समुद्रसपाटीला सुमारे १.३२ किलो असतं. आतल्या शून्य अंशाच्या हवेचं १.२९ किलो. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, पण तेवढा पुरतो. जड हवा जमिनीलगत आत घरंगळते, आतली ऊबदार हवा छताला धरून बाहेर पडते. थंडीचे महिने हे चालू राहतं आणि भिंती, दरडी, जुना बर्फ असं सगळं शून्याच्या बरंच खाली जातं. मग उन्हाळा येतो. बाहेरची २५ अंशांची हवा घनमीटरला १.१८ किलोच भरते. ती आतल्या जड हवेवर नुसती तरंगते, खाली उतरू शकत नाही. दार नाही, तरी दार लागतं.

आइस्क्रीमच्या दुकानातला वरून उघडणारा डीप फ्रीझर आठवा. झाकण उघडं राहिलं तरी आतला गारवा चटकन सांडत नाही. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की पायांवर गार हवेचा लोट येतो. जुन्या वाड्यातलं धान्याचं पेवही याच घडणीचं, तोंड वर आणि पोट खाली. निफाडचे द्राक्ष बागायतदार तर हा नियम दर हिवाळ्यात अनुभवतात : पहाटे गार हवा बागेच्या खोलगट कोपऱ्यात साचते, तिथला पारा माथ्यावरच्या बागेपेक्षा खाली जातो आणि शेकोट्या आधी तिथे पेटवाव्या लागतात. कांदाचाळीचं गणित याच्या बरोबर उलटं. तिला खालून वारा आत आणि वरून गरम हवा बाहेर असं खेळतं वारं लागतं. बर्फाची गुहा कांदाचाळीसारखी खेळती झाली की उन्हाळ्यात तिचा बर्फ गेलाच.

आता उन्हाळ्यातल्या वाढीचं. एप्रिल-मेमध्ये वर जमिनीवरचं हिम वितळतं, ते पाणी भेगांतून झिरपतं आणि आतल्या अजून शून्याखाली असलेल्या दगडावर येऊन गोठतं. म्हणजे बाहेर ऊन तापू लागलेलं असताना आत बर्फ खरंच वाढतो. गावकऱ्यांनी पाहिलं ते बरोबर, कारण मात्र चुकीचं लावलं.

मग नुसती थंडी पडली की झालं? प्रत्येक खोल गुहेत बर्फ का नसतो?

कारण पाणी गोठवणं महाग काम आहे. शाळेच्या विज्ञानातला अप्रकट उष्मा इथे कामाला येतो : ० अंशाच्या एक ग्रॅम पाण्याचा ० अंशाचाच बर्फ करायचा तर त्यातून ८० कॅलरी उष्णता काढून न्यावी लागते. एक किलो पाण्याला ३३४ किलोज्यूल. ही उष्णता उचलायची हवेने. उणे ५ अंशांची हवा आत आली आणि शून्याला पोचून बाहेर पडली, तर एक किलो बर्फासाठी अशी सुमारे ५० घनमीटर हवा खेळावी लागते. एक टन बर्फाला ५० हजार घनमीटर. उंचीवर हवा विरळ असल्याने त्याहून जास्त.

म्हणून तोंड फार चिंचोळं असेल तर हिवाळ्यातली थंडी पुरेशी आत शिरत नाही, आणि फार मोठं असेल तर उन्हाळ्यातली धग आणि ऊन आत पोचतं. पाणीही बेताचं लागतं. हिवाळ्यात धार लागली तर ते पाणी आपलीच उष्णता सोडून गुहा ऊबदार करतं. अजिबात झिरपलं नाही तर गुहा गोठलेली पण कोरडी राहते. बर्फवाल्या गुहा दुर्मीळ आहेत त्या या सगळ्या अटी एकत्र जुळाव्या लागतात म्हणून.

साधारण गुहेचं तापमान किती असतं आणि बर्फाच्या गुहेचं किती?

वर्षभराच्या सरासरी हवामानाइतकं, हा साध्या गुहेचा ढोबळ नियम. कातळात उन्हाळा-हिवाळ्याची लाट झपाट्याने विरते. ठोस बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या कातळात, १० मीटर खाली वरच्या चढउताराचा जेमतेम ३ टक्के भाग पोचतो. गार हवा साचवणारी गुहा या सरासरीपेक्षा कित्येक अंशांनी थंड राहू शकते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात बंदेरा ज्वालामुखीपाशी अशी गुहा आहे. तिथे पारा ३१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे अर्ध्या अंशाच्या वर जात नाही आणि तळाचा बर्फ सुमारे २० फूट जाड आहे. बाहेर त्याच वेळी माणसं टोप्या घालून घाम पुसत असतात. शेवाळामुळे त्या बर्फाला हिरवट छटा आली आहे, फोटोत रंग भरलेला नाही.

गुहेला दोन तोंडं असली तर?

तोंडं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर ती धुराड्यासारखी वागते. हिवाळ्यात आतली ऊबदार हवा वरच्या तोंडातून निघते आणि खालच्या तोंडातून थंड हवा ओढली जाते. त्यामुळे बर्फ खालच्या तोंडाजवळ जमतो. उन्हाळ्यात प्रवाह उलटतो आणि खालच्या तोंडातून गार वारा बाहेर येतो. अशा गुहेत बर्फ बारा महिने टिकवणं अवघड असतं. छत कोसळून लाव्हानळीला दुसरं तोंड पडलं आणि शतकांचा बर्फ संपला, असं होऊ शकतं ते यामुळेच.

आत कसकसला बर्फ दिसतो?

सगळ्यात जास्त असतो तो साचून गोठलेल्या पाण्याचा : फरशीसारखा सपाट, थरांचा, कधी इतका स्वच्छ की खालचे दगड दिसतात. छताच्या ठिबकेतून वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे खांब तयार होतात. भूगोलात लवणस्तंभ शिकलो त्यांचीच ही बर्फाची भावंडं, फक्त लवणस्तंभाला हजारो वर्षं लागतात आणि याला एक हंगाम पुरतो. खालून वाढणारा खांब कुठे गाठाळ, कुठे गुळगुळीत दिसतो, कारण ठिबकेचा वेग आणि हवेचा गारठा दिवसागणिक बदलत असतो.

तिसरा प्रकार सगळ्यात देखणा आणि सगळ्यात नाजूक. वसंतात बाहेरची दमट हवा थंड छताला लागली की तिच्यातली वाफ पाणी न होता थेट स्फटिक होते. गोठलेलं दहिवरच ते. षट्कोनी पातळ पत्रे, पिसं, सुया असे आकार धरतं. टॉर्चच्या उजेडात छत चमचमतं आणि खाली उभ्या माणसाच्या नुसत्या श्वासाने ते गळून पडतं. तोंडाशी वाऱ्याने आत आलेलं आणि दाबून बसलेलं हिम हा चौथा प्रकार. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

वर्षभरात हा बर्फ कसा बदलतो?

उत्तर गोलार्धातली साधारण चाल अशी. डिसेंबर ते फेब्रुवारी गुहा थंडी भरून घेते, पण बर्फ फारसा वाढत नाही. उलट कोरड्या वाऱ्यात तो संप्लवनाने, म्हणजे पाणी न होता थेट वाफ होऊन, थोडा झिजतो, कडा गोलसर होतात. मार्च ते मे भरतीचा काळ, खांब सर्वांत उंच तेव्हा. जपानमध्ये फुजीच्या पायथ्याच्या नारुसावा गुहेत बर्फाचे खांब बघायला एप्रिलच्या सुमारास जातात ते उगाच नाही. जूनपासून छताकडून उतरणारी उष्णता आणि ठिबकतं पाणी बर्फ खाऊ लागतं. सर्वांत कमी बर्फ ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे बाहेर पुन्हा गारठा पडू लागलेला असताना. उन्हाळा संपला तरी दगडातून त्याची उष्णता अजून उतरतच असते.

म्हणून एप्रिलचा फोटो आणि ऑक्टोबरचा फोटो शेजारी लावून ‘बघा, बर्फ संपला’ म्हणणं ही दिशाभूल आहे. तुलना करायची तर त्याच महिन्यातली, वर्षावर्षांची.

बर्फ किती जुना आहे हे कसं कळतं?

थर मोजून कळेल असं वाटतं, पण एखाद्या गरम वर्षी दोन-चार थर वितळून जातात आणि हिशेबात मागमूस राहत नाही. जास्त भरवशाचं म्हणजे थरांत अडकलेली पानं, काड्या, कोळसा यांचं रेडिओकार्बन कालमापन. न्यू मेक्सिकोतल्याच एल माल्पाईस भागातल्या एका लाव्हानळीच्या बर्फात राख आणि कोळशाचे पट्टे सापडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार इसवी सन १५० ते ९५० या काळातल्या पाच दुष्काळांत तिथले मूळ रहिवासी गुहेत लहान जाळ करून बर्फ वितळवत आणि ते पाणी पीत. दुष्काळात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको.

बर्फ विकणंही जुनंच. कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेवर तेइदे ज्वालामुखीच्या ३,३०० मीटरहून उंच गुहेतून बर्फ काढून खाली गावांत नेत. फुजीजवळच्या फुगाकु गुहेत तर रेशमाच्या किड्यांची अंडी थंडाव्यात राखून ठेवत, म्हणजे ती वेळेआधी फुटत नसत. शीतगृहाचं काम, वीजबिलाशिवाय.

हे बर्फ कमी होत चाललेत का?

बऱ्याच ठिकाणी हो. कॅलिफोर्नियातल्या लाव्हा बेड्स राष्ट्रीय स्मारकातल्या मेरिल गुहेत एकेकाळी लोक बर्फाच्या फरशीवर स्केटिंग करत. त्या फरशीला भोक पडलं. भोकातून खालच्या पोकळीशी हवेची ये-जा सुरू झाली, भोक रुंदावत गेलं आणि फरशी नाहीशी झाली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट : बर्फ नेहमी वरून वितळत नाही. खालून आणि कडेने, दगडाला टेकलेल्या बाजूने तो पोखरला जातो आणि वरून बघणाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

हवाईतल्या माउना लोआ ज्वालामुखीच्या वरच्या उतारावरच्या लाव्हानळीतही बर्फ पूर्वीपेक्षा बराच आक्रसला आहे. पण प्रत्येक ठिकाणी एकच कारण पुढे करू नये. हिवाळे सौम्य झाले तर भरणा कमी होतो. हिम घटलं तर पाणी कमी पडतं. हिमाऐवजी पाऊस पडला तर तो थेट आत घुसून बर्फ कापतो. तोंडाजवळची झाडं तोडली तर सावली जाते. लोकांच्या सोयीसाठी तोंड रुंद केलं किंवा पायऱ्या खोदल्या तर हवेची वाट बदलते. माझ्या मते या यादीतलं शेवटचं कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

पर्यटकांच्या अंगाच्या उष्णतेने बर्फ वितळतो का?

हिशेब करून बघा. स्वस्थ उभा माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. तासाला ३६० किलोज्यूल, म्हणजे एक किलोहून थोडा जास्त बर्फ वितळवण्याइतकी. तीस जणांचा गट तासभर थांबला तर तीसेक किलो. चालताना, चढताना हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. सगळी उष्णता बर्फालाच लागत नाही, काही हवेबरोबर आणि दगडात जाते. मोठ्या गुहेला दिवसाला एक गट सहज सोसतो. लहान, बंद गुहेत सुट्टीच्या हंगामातली रांग सोसत नाही. जुने पिवळे बल्ब तर माणसांपेक्षा वाईट, कारण ते जेवायलाही बाहेर जात नाहीत. बल्बच्या प्रकाशात शेवाळ धरतं ते वेगळंच.

नाशिक जिल्ह्यात अशी गुहा आहे का? पांडवलेणी चालतील?

नाही, आणि नाही. पांडवलेणी ज्वालामुखीच्या खडकात आहेत, पण ती माणसांनी छिन्नीने कोरलेली आहेत. लाव्हाने सोडलेली पोकळी नव्हे. अंजनेरी, ब्रह्मगिरी परिसरातल्या कोरीव गुहांचंही तेच. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हानळ्या पृष्ठभागालगत असतात, त्यामुळे एवढ्या काळात त्या पुढच्या लाव्ह्याने भरल्या, दबल्या किंवा झिजून गेल्या.

आणि समजा एखादी अख्खी सापडली, तरी बर्फ नाही. माउना लोआ १९.५ अक्षांशावर, नाशिक २० वर. जवळपास एकाच रेषेत. फरक उंचीचा. नाशिकची वार्षिक सरासरी २५ अंशांच्या आसपास आणि उंची ६०० मीटर. किलोमीटरला साडेसहा अंश घट धरली तर १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर १८ अंश निघतात. हवाईतल्या बर्फाच्या गुहा साडेतीन हजार मीटरच्या सुमारास आहेत. तिथपर्यंत आपला डोंगर असता तर सरासरी ६ अंशांवर आली असती आणि मग गार हवेच्या पोत्याने उरलेलं काम केलं असतं. साल्हेर त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही.

पण खाणीत दगड फोडल्यावर पोकळीत बर्फासारखं काहीतरी पांढरंशुभ्र दिसतं, ते काय?

झिओलाइट आणि त्याचे सोबती. लाव्हातले वायूचे बुडबुडे रिकामे राहिले, पुढे त्यात खनिजयुक्त पाणी झिरपून स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक वाढले. नाशिकच्या खाणींतले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. इथल्या इथे बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. ओळखायची खूण सोपी : मुठीत धरा, पाणी सुटलं नाही तर तो बर्फ नाही. गार, गारा आणि गारगोटी हे तिन्ही शब्द मराठीत शेजारी बसतात, त्यामुळे गोंधळाला क्षमा आहे.

अमरनाथचं लिंग याच प्रकारचं का?

घडण तीच : ठिबकतं पाणी तळाशी गोठून वाढलेला बर्फाचा खांब. खडक मात्र लाव्हाचा नाही. गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे आणि तोंड प्रशस्त आहे, म्हणून उन्हाळा चढतो तसा खांब लहान होत जातो.

मे महिन्यात नाशिकमध्ये हे मुलांना करून दाखवता येईल?

छान दाखवता येतं. थर्मोकोलचे एकसारखे तीन खोके घ्या, साधारण ४० × ३० × ३० सेंटिमीटरचे. पहिल्याच्या झाकणाला १० × १० सेंटिमीटरचं भोक पाडा. दुसऱ्याला तेवढंच भोक बाजूच्या भिंतीत अगदी तळाशी. तिसऱ्याला दोन भोकं, प्रत्येकी १० × ५ : एक तळाशी, दुसरं समोरच्या भिंतीत वर. उघडं क्षेत्रफळ तिन्हींत सारखंच. एकसारख्या डब्यांत गोठवलेला एकेक किलोचा ठोकळा प्रत्येकात जाळीवर ठेवा, झाकणं चिकटपट्टीने बंद करा. तीन तासांनी उरलेले ठोकळे वजन करा. पहिला ठोकळा सर्वांत मोठा उरतो. तिसऱ्याच्या खालच्या भोकापाशी उदबत्ती धरली की धूर बाहेरच्या बाजूला ढकलला जाताना दिसतो.

फसतं कुठे? पंखा चालू राहतो. एका खोक्यावर खिडकीतलं ऊन येतं. एकात अखंड ठोकळा आणि दुसऱ्यात चुरा घेतला जातो. चुऱ्याला पृष्ठभाग जास्त, तो आधीच वितळतो. मुलं दर दहा मिनिटांनी झाकण उघडतात. फ्रीझरमधून काढल्या काढल्या बर्फ उणे १५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून वरून ओलसर दिसेपर्यंत थांबून मगच वजन करा आणि सुरू करा.

प्रत्यक्ष बघायला जायचं तर काय तयारी हवी?

पहिल्यांदा जाणाऱ्याला नारुसावा सोपी : पायऱ्या, कठडे, दिवे आहेत, आत ० ते ३ अंश. आइसलंडमध्ये मिवात्न तळ्याजवळची लोफ्थेलिर बर्फाने जास्त श्रीमंत, पण तिथे वाटाड्याबरोबरच जाता येतं आणि काही ठिकाणी सरपटावं लागतं.

सह्याद्रीत मुरलेला ट्रेकर इथे दोन चुका करतो. एक, बुटांच्या पकडीवर विश्वास. ओल्या बर्फावर रबरी तळवा शून्य. बुटांवर चढवायचे काटे हवेतच. दोन, सुती कपडे. सुती गंजीफ्रॉक घामाने ओला झाला की शून्य अंशात अंगातली ऊब ओढून घेतो. आतून लोकरी किंवा सिंथेटिक, वरून पाणी न शोषणारं जॅकेट. हेल्मेट, हातमोजे (लाव्हा काचेसारखा कापतो, चामड्याचे बरे) आणि प्रत्येकी तीन दिवे. बॅटऱ्या लिथियमच्या घ्या, साध्या अल्कलाइन थंडीत लवकर दम तोडतात. लोंबत्या खांबांखाली थांबू नका, विशेषतः उन्हाळ्याच्या सुरुवातीला. सपाट बर्फाखाली पाण्याचं डबकं असू शकतं, तेव्हा वाटाड्याच्या पावलावर पाऊल. अमेरिकेत लाव्हा बेड्समध्ये वटवाघळांना होणाऱ्या बुरशीच्या रोगामुळे आधी चौकशी होते. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट न्यायचे नाहीत.

बर्फ कमी-जास्त झाला हे मोजतात कसं?

सर्वांत साधी आणि टिकाऊ पद्धत म्हणजे छताच्या घट्ट खडकात स्टीलचा बोल्ट ठोकून, तिथून ओळंबा सोडून बर्फापर्यंतचं अंतर टेपने मोजणं. वर्षातून दोनदा, भरतीला आणि ओहोटीला. बर्फातच धातूची काठी रोवली तर ती उष्णता आत नेऊन स्वतःभोवती खड्डा करते आणि आकडे खोटे येतात. तापमानासाठी नोंदयंत्रं किमान चार जागी : तळाशी, मध्यावर, छतालगत आणि बाहेर सावलीत. ती बसवण्याआधी बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात अर्धा तास बुडवून शून्य तपासून घ्या. इथे सगळा खेळ अर्ध्या अंशाचा आहे. यंत्र बर्फावर ठेवू नका, पहिल्याच वसंतात ते गोठून गाडलं जातं.

अंटार्क्टिकातल्या एरेबस ज्वालामुखीवरच्या गुहा याच का?

त्या उलट्या. तिथे गुहा बर्फात आहे आणि ती ज्वालामुखीच्या वाफेने कोरलेली आहे. खडकाच्या गुहेत बर्फ आणि बर्फातली गुहा, या दोन गोष्टी बातम्यांत हमखास एकत्र कालवल्या जातात.

मंगळावरच्या लाव्हानळ्यांत बर्फ असेल?

असू शकतो. आर्सिया मॉन्स ज्वालामुखीच्या उतारावर गुहांची तोंडं वाटावीत असे काळे खड्डे दिसले आहेत. उन्हापासून झाकलेल्या जागी बर्फ टिकण्याची शक्यता जास्त, म्हणून माउना लोआच्या गुहांकडे मंगळाचे अभ्यासकही लक्ष ठेवून असतात.

गुहेतला बर्फ वितळवून पिता येतो का?

उकळूनच. वटवाघळांची विष्ठा, जंतू आणि जुनी राख सगळं त्यात गोठलेलं असतं. आणि संरक्षित गुहेतून तो फोडून आणायचा नसतो; जो तुकडा बाटलीत घालायला निघालात त्यात कदाचित हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी शेकोटीचा कोळसा असेल.